आपल्या विभागाकडे

मी गेली बावीस वर्षं भाईंदर पूर्वेच्या एका कॉलेजात मराठी शिकवतेय आणि त्यातली निदान वीस वर्षं अनुस्वारासाठी अर्धा अर्धा मार्क कापण्यात गेली आहेत. मुलं माझ्यामागे मला 'टिंबवाली मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याचा मला कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता, आणि तोच नडला.

आमचा मराठी विभाग म्हणजे दोन माणसं आणि एक कपाट. कपाट मुळात खेळाच्या साहित्याचं, पण त्याला दुसरीकडे जागा नव्हती, त्यामुळे व्याकरणाच्या पुस्तकांवर कायम कॅरमची पावडर असायची. दोन माणसांपैकी मी कायम नोकरीतली. दुसरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढी नोकरी. तास नसले की 'पुढच्या सत्रात कळवू' असं सांगून हात जोडायचे. ती उत्तनची, ख्रिस्ती घरातली. घरी हाय-न्हाय बोलणारी ही मुलगी वर्गात शिरली की इतकी स्वच्छ मराठी बोलायची, की मी मनातल्या मनात माझीच वाक्यं तपासून घ्यायचे.

मग नवीन शैक्षणिक धोरण आलं. प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचा एक विषय घेतलाच पाहिजे असं ठरलं. आम्ही कॉमर्सच्या मुलांसाठी 'व्यवहारातील मराठी : अर्ज आणि पत्रलेखन' असा विषय मांडला. दहा-पंधरा मुलं येतील असा अंदाज होता. पण यात पाठांतर नाही अशी बातमी कँटीनमध्ये पसरली आणि वर्गात बाकं कमी पडली. गोडदेव, इंद्रलोक अशा आसपासच्या वस्त्यांमधले, मारवाडी, गुजराती, बिहारी, सगळे आले. एकाने सोसायटीच्या चेअरमनला अर्ज लिहिला, 'गच्चीवरील कबुतराना कडक समज देण्यात यावी.' हा विषय शिकवणाऱ्या माझ्या उत्तनच्या सहकारिणीने त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. मी म्हटलं, अगं, 'कबुतरांना'वरचं टिंब कुठाय? ती म्हणाली, "मॅडम, कबुतरांना काय फरक पडतो?" आम्ही दोघी हसलो.

आठवड्याचे ते सहाच्या सहा तास मी तिला दिले होते. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. टाइमटेबल लागलं तेव्हा तिने त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरी आईला दाखवला. हे सहा तास होते म्हणून ती रोज उत्तनहून बस पकडून येत होती. ते गेले की तिचं कॉलेजच गेलं.

आपल्याकडे रिकामा वर्ग कोणाचाच नसतो, भरलेल्या वर्गाला मात्र लगेच वारस फुटतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वाणिज्य विभागाला अचानक आठवलं की ही मुलं त्यांची आहेत. त्याच धोरणाने त्यांचेही तास कापले होते आणि सहा माणसं एसीत बसून तास शोधत होती. ते म्हणाले, मुलं आमची. मी म्हटलं, विषय आमचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा हा प्रकार दीड महिना चालला. आंतरविद्याशाखीय सहकार्य म्हणतात ते हेच असावं.

शेवटी प्राचार्यांनी बैठक बोलावली. प्राचार्य उत्तरेकडचे, आणि त्यांच्या 'हम'मध्ये मी, वाणिज्य विभाग आणि गेटवरचा वॉचमन असे सगळे मावतात. चहा आला, बिस्किटं आली, आणि त्यांनी निवाडा दिला. "मिल-जुलकर पढ़ाइए। तीन घंटे आपके, तीन उनके। मैडम, आप लिखकर दे दीजिए।" वाईट नव्हता निवाडा. तिचे तीन तास तरी वाचले, या आनंदात मी दुसरं बिस्किटही घेतलं.

पत्र मी हाताने लिहिलं. पत्रलेखन शिकवणाऱ्या विभागाने टाइप केलेलं पत्र द्यावं हे मला शोभेना. वाणिज्य विभागप्रमुखांना उद्देशून एकच वाक्य : 'बैठकीत ठरल्याप्रमाणे सदर विषयाचे अध्यापन यापुढे आपल्या विभागाकडे राहील.' नजरेखालून घाल म्हणून कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, नीट घडी घातली आणि वर जाऊन देऊन आली.

सोमवारी नवं टाइमटेबल लागलं. वाणिज्य विभागाचे तास हिरव्या स्केचपेनने लिहितात. सहाही तास हिरवे होते.

मी तशीच जिना चढून वाणिज्यच्या विभागप्रमुखांकडे गेले. गृहस्थ गुजराती, तीस वर्षं मीरा रोडला काढलेले, मराठी माझ्याइतकीच बरी. त्यांनी शांतपणे माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. तेव्हा मला दिसलं. मला लिहायचं होतं 'विभागांकडे'. म्हणजे आपल्या दोघांच्या. टिंब राहिलं होतं. आणि त्या टिंबाशिवाय 'आपल्या विभागाकडे' याचा अर्जाच्या मराठीत एकच अर्थ होतो : तुमच्याकडे, साहेब, तुमच्याचकडे.

"सर, तिथे अनुस्वार हवा होता," मी म्हटलं.

"मॅडम, मी तीनदा वाचलं," ते म्हणाले. "आमच्या गुजरातीत 'आपणा' म्हणजे दोघांचा आणि 'आपना' म्हणजे तुमचा. एका णचा फरक. तुम्ही मराठीवाले दोन्हीला 'आपला'च म्हणता. मग मी काय समजायचं?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच व्याकरणात माझी चूक कोणीतरी काढली होती, आणि तो अकाउंट्सचा माणूस होता. मी दुरुस्तीचं पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मैडम, एक बिंदी के लिए मैं पूरा टाइमटेबल बदलूँ?" ध चा मा झाला तेव्हाही कोणीतरी असंच म्हटलं असेल.

विषय आता वर शिकवला जातोय. त्या वर्गातली एक मुलगी परवा वही घेऊन आली. वर्गात इंग्रजी पत्रं देतात आणि मोबाइलवर त्यांचं मराठी करून घेतात. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू'च्या जागी 'तुमचे विश्वासूपणे' असं लिहिलं होतं. टिंबं मात्र सगळी जागच्या जागी होती.

माझी उत्तनची सहकारीण सत्राच्या शेवटी अनुभवाचा दाखला मागायला आली. रीतसर अर्ज आणला होता, एक चूक नाही, खाली 'आपली विश्वासू' आणि सही. तोवर मी तिला काही सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. मी तिचे फोन टाळत होते आणि वरच्या मजल्याला शिव्या घालत होते, तेवढंच सोपं होतं. त्या दिवशी मात्र सांगून टाकलं की चूक वरच्यांची नाही, माझीच आहे, टिंब राहिलं.

तिने टेबलावरचा अर्ज माझ्यापुढे सरळ केला. मग म्हणाली, "मला दिसलं होतं, मॅडम."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला चूक न्हाय वाटली." घरचं 'न्हाय' कॉलेजात तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "तुम्ही टिंब विसराल असं कसं वाटंल? मला वाटलं, मला तोंडावर सांगायला तुम्हाला जड जातंय. म्हणून तर पत्र माझ्या हातात वाचायला दिलंत."

कॅरमची पावडर लागलेल्या त्या टेबलावर तिचा अर्ज होता आणि मी उगाच त्यातली टिंबं मोजत बसले. ते पत्र तिने वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि स्वतःचे सहाही तास स्वतःच्या हाताने दुसऱ्या मजल्यावर पोचते करून, पोच म्हणून सही घेऊन, खाली येऊन मला म्हणाली होती, "दिलं, मॅडम."