राखीव काच

कॉलेजात जीवशास्त्र शिकायला लागल्यावर मी दोन गोष्टींत तरबेज झालो: बेडूक कापण्यात आणि शेखी मिरवण्यात. जव्हार संस्थानातल्या एका साध्या कारकुनाचा मुलगा मुंबईला जातो आणि पितळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, नाकानं कांदे सोलायला आणखी काय लागतं? सुट्टीत घरी आलो की पाण्याच्या हंड्यात डोकावून मी आईला त्यातल्या जंतूंची नावं सांगायचो. आई म्हणायची, "नावं ठाऊक आहेत ना, मग हाका मारून बाहेर बोलाव त्यांना. मला भात टाकायचाय."

शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाला कुठे ना कुठे महिनाभर काम करायला पाठवलं. केलेल्या कामाची वही तिथल्या वरिष्ठांच्या सहीनिशी परत आणायची होती. मी आमच्या जव्हारचाच दवाखाना मागून घेतला. पाऊस सरला की आमच्याकडे घरोघर हिवतापानं माणसं कुडकुडत पडतात, हे मला माहीत होतं. प्राध्यापकांनी वर्गात सांगून ठेवलं होतं, की हिवतापाच्या जंतूचं चंद्रकोरीसारखं रूप जो स्वतः रंगवलेल्या काचेवर आणून दाखवील, त्याला पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेईन. ती जागा मला हवी होती. इतकी, की लोक आजारी पडण्याची मी चक्क वाट बघत होतो.

दवाखान्याचे डॉक्टर वयानं मोठे आणि बोलायला अगदी कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला, की प्रत्येक माणसाच्या दोन काचा करायच्या. एक बघायची, दुसरी राखीव. "काच फुटते, रंग बिघडतो," ते म्हणाले. "आणि आपल्या चुकीपायी तापातल्या माणसाला पुन्हा डोंगर चढून यायला लावायचं नाही."

मग माझं काम सुरू झालं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पातळ ओढायचा, वाळला की रंग घालायचा. विहिरीच्या पाण्यानं रंग फिका व्हायचा म्हणून डॉक्टरांनी पागोळीचं पाणी गाळून बाटल्यांत भरून ठेवलं होतं. सूक्ष्मदर्शक खिडकीत, म्हणजे त्याच्या खालच्या आरशावर ऊन धरता येई. मोखाड्याकडून, दाभोशाहून, कुठून कुठून माणसं येत आणि ओट्यावर घोंगडी पांघरून बसत. ती मला सरळ "तू" म्हणत. थेट मुंबईहून आलेल्या मला! पहिले दोन दिवस अंगाचा तिळपापड झाला. मग लक्षात आलं, की ती डॉक्टरांनाही "तू" म्हणतात आणि राजेसाहेब समोर आले तरी बहुधा तेच म्हणतील. तिसऱ्या दिवसापासून मला ते गोड वाटायला लागलं.

पहिल्या आठवड्यातच साखरशेतचं एक जोडपं आलं. नवरा उंच, हाडकुळा, पोटात प्लीहा टोपलीएवढी वाढलेली. भात झोडून झालं की तो जंगलात कोळशाच्या भट्टीवर कामाला जाई आणि थेट पावसाच्या तोंडावर घरी येई. मी सुई टोचली तेव्हा तो म्हणाला, "माझं रगत काळं असंल, दादा. लय कोळसा गिळलाय." थेंब लालच निघाला. बायकोनं तो वाकून बघितला आणि खात्री झाल्यावर मान हलवली.

काच रंगवून मी खिडकीत लावली आणि थोड्या वेळानं चक्क ओरडलो. चंद्रकोर! एक नाही, चार-पाच. पातळ, निळसर, मध्ये काळसर ठिपके. मी धावत ओट्यावर गेलो. काय झालं, त्यानं विचारलं. मी हुरळून सांगून टाकलं, की तुझ्या रक्तात चंद्रकोर सापडली.

तो तापानं थरथरत होता, तरी हसला. बायकोला म्हणाला, "ऐकलंस? माझ्यात चांद आहं."

"मंग दिव्याला तेल कशाला मागतोस रोज?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी क्विनाईन दिलं, अंगमेहनत करू नको म्हणून बजावलं. पण त्याचं भात शेतात उभं होतं. अशा वेळी कोण ऐकतं? ती दोघं उतारानं खाली गेली, तो पुढे आणि ती मागे. मी मात्र त्याची राखीव काच रंगवायला घेतली. तोवर हात बसला होता. ती पहिलीपेक्षाही देखणी निघाली.

माझी सुट्टी संपायला तीन दिवस उरले असताना ती एकटी आली. डॉक्टर गावांच्या फेरीवर गेले होते. ती पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो मेला. ताप डोक्यात गेला. आठ दिस झाले."

मी तिच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. 

"आम्ही त्याला जाळला," ती म्हणाली. "सगळा गेला. पन थोडा तुझ्याकडं ऱ्हायला. त्या काचंवर. तो दे."

मी तिला समजवायला लागलो. तो थेंब आता वाळलाय मावशी, रंगवलाय, त्यात काही उरलं नाही. कुणी भगतानं सांगितलं का तुला?

"कोनी नाय सांगितलं. माझं मन सांगतं. त्याचं मेल्यामागचं कारज करायचं आहं. तो सगळा घरी पायजे." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आन त्याच्यात काय उरलं नाय, असं कसं? चांद आहं, तूच बोललास."

मी आत गेलो आणि लाकडी पेटी उघडली. खाचांमध्ये त्याच्या दोन काचा शेजारी शेजारी उभ्या होत्या. मला प्राध्यापक दिसले, प्रयोगशाळेतली ती जागा दिसली, वर्गातल्या मुलांचे चेहरे दिसले. बाहेर पायरीवर बसलेली बाई तेवढी त्या घटकेला दिसली नाही. मी पहिली काच कागदात गुंडाळली आणि बाहेर आणून तिच्या हातावर ठेवली.

"हा सगळाच ना?" तिनं विचारलं.

"सगळा," मी म्हणालो.

तिनं पुडी लुगड्याच्या ओच्यात खोवली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि "सुखाचा ऱ्हा" म्हणून निघाली. तिचा हात खरखरीत होता. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, सगळेच बोलतात, पण त्या एका शब्दाइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

कॉलेजात माझी काच बघायला रांग लागली. प्राध्यापकांनी स्वतः बघितली, शाबास म्हणाले, आणि मदतनिसाची जागा तुझी, हेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझी छाती फुगायला हवी होती. थोडी फुगलीही. मग रांगेतल्या शेवटच्या मुलानं, अभ्यासात यथातथाच होता बिचारा, काचेवरून डोळा काढला आणि विचारलं, "मग हा बरा झाला का रे?"

तोवर ते कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, नाही. आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

नाताळच्या सुट्टीत मी काच कापसात ठेवून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखरशेतला चालत गेलो. कुडाच्या घरापुढे ती सुपात नाचणी पाखडत होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो. उभ्या उभ्याच सांगितलं, की मी खोटं बोललो, काचा दोन होत्या, ही दुसरी.

मला वाटलं होतं ती रडेल. शिव्या देईल. तिनं सूप खाली ठेवलं, हात झटकले, काच माझ्या हातातच राहू दिली आणि लांबूनच बघितली.

"परत का आनलीस? तुझ्या कामाची नाय?"

"कामाची आहे," मी म्हणालो. आता आणखी खोटं बोलायची ताकद नव्हती. "परीक्षा आहे चैत्रात. ही असेल तर बरं होईल. पण तुला तो सगळा घरी हवा होता ना?"

 सुपातले दाणे टिपायला एक कोंबडी आली, तिला तिनं हुसकलं. मग म्हणाली, "मंग ऱ्हाव दे तुझ्याकडं. कामावर गेलाय, असं समजन. दर सालाला जायचाच या दिवसांत. घर थोडंच सोडलं होतं त्यानं?"

मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला ती लपवायची होती.

"पन पावसाच्या आधी घरी आन त्याला," ती म्हणाली. "पाऊस लागल्यावर तो बाहेर ऱ्हायचा नाय."

परीक्षा झाली. पास झालो, चांगला झालो. पण मुलांनी केलेल्या काचा आणि त्या बघून काढलेल्या आकृत्या कॉलेजच्या कपाटात जमा व्हायच्या, तसा रिवाजच होता. आता माझा जीव टांगणीला लागला. कपाटातून उचलावी, हाही विचार आला, पण तेवढी हिंमत नव्हती आणि पुन्हा खोटेपणा नको होता. मी प्राध्यापकांकडे गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते कडक गृहस्थ होते. हसतील, असं मला वाटलं होतं. जागाही काढून घेतील, असंही वाटलं होतं. त्यांनी काच काढली, वर तेलाचा थेंब सोडून सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघितली.

"काय काम करायचा हा?" त्यांनी विचारलं.

"कोळशाच्या भट्टीवर होता, सर."

त्यांनी काचेवरचं तेल मऊ फडक्यानं टिपलं, कोपऱ्यावरची क्रमांकाची चिठ्ठी सोलून काढली आणि काच माझ्या हातात दिली. "तुझी आकृती कपाटात राहू दे," म्हणाले. "आकृती बरी काढली आहेस."

वैशाखात मी साखरशेतला पोचलो तेव्हा उतारावर जागोजाग राब भाजत होते. पाला, शेण, काटक्या पसरून नाचणीच्या रोपासाठी जमीन जाळतात, तो धूर सगळ्या माळावर होता. ती धुरातून बाहेर आली. कपाळावर राख, हातात लांब काठी. मी काही बोलायच्या आतच तिनं काठी टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. मी कापूस उलगडून काच तिच्या ओंजळीत ठेवली.

ती ओंजळीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "झालं त्याचं काम?"

"झालं, मावशी," मी म्हणालो. "फार चांगलं काम केलं त्यानं."

तिनं मान डोलावली. नवऱ्याचं कौतुक कुणी केलं की बायका डोलावतात तशी, थोडी लाजून.

"कामाला तो चांगलाच होता," ती म्हणाली, आणि त्याला घेऊन घराकडे गेली.