एका माणसाच्या कंपनीतलं दुसरं नाव

वकीलबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "काकू, इथे नॉमिनीचं नाव लागेल."

"कंपनी एकाच माणसाची आहे ना?" मी विचारलं.

"हो. पण त्या एका माणसाला काही झालं तर पुढे सांभाळणारा दुसरा लागतो. त्याची लेखी संमती लागते. तुम्ही आहात तोवर त्याच्यावर काही जबाबदारी नाही."

माझं डोकं सटकलं. तसंही ते पटकन सटकतं. हात्तिच्या! धंदा एकटीनं उभा केला, एकटीनं वाढवला, आणि सरकारदरबारी एकटं राहायलाही दुसरा माणूस लागतो म्हणे. वकीलबाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

धंदा म्हणजे ब्लाउजची पेपर कटिंग, कापड बेतायचे कागदी नमुने. अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या दोन खोल्यांतून मी ती मोबाईलवर विकते. कटोरी, प्रिन्सेस, साधी, बत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत सगळ्या मापांची. शिवणकाम करणाऱ्या बायका फाइल घेतात, छापून कापडावर ठेवतात आणि कापतात. सुरतेच्या एका कंपनीला माझी कटिंग छापून दुकानांतून विकायची होती. त्यांचा करार मी अकोल्यात दोघा वकिलांना दाखवला. एकानं विचारलं, शेत कुठलं? दुसऱ्यानं विचारलं, फारकतीचं आहे का? म्हणून अमरावतीच्या या बाईंकडे आले. त्यांनी एक कलम वाचून दाखवलं तेव्हा कळलं, सही केली असती तर माझी सगळी कटिंग कायमची त्यांची झाली असती, पाकिटावर माझं नावही उरलं नसतं. बाईंनी भांडून ते कलम काढायला लावलं आणि मला सांगितलं, आता करार कंपनीच्या नावानं करा. दिवाळीच्या आत सह्या झाल्या नाहीत तर सुरतवाले दुसरीकडे जाणार होते.

म्हणजे सगळं अडलं होतं ते एका नावापाशी.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी फोनमधली नावं चाळत बसले. नावं कसली, मापं! 'अडतीस प्रिन्सेस वाशीम'. 'चाळीस साधा मोर्शी'. दिवसभर माझ्याशी बोलणाऱ्या बायका, आणि एकीलाही मी कधी पाहिलेलं नाही. आई असती तर डोळे मिटून तिचं नाव लिहिलं असतं. माप कसं घ्यायचं ते शिकवणारे व्हिडिओ मी मोबाईलवर टाकते, त्यांत टेप धरायला तीच उभी राहायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारेही आता थकले. एकटा जीव सदाशिव, असं मी लोकांना हसून सांगते. त्या दिवशी गाडीत मात्र मला फार एकटं वाटलं.

रविवारी दर्यापूरला दादाकडे गेले. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, निवृत्त मास्तर. मी कागद काढून तो कशाचा ते सांगितलं तशी वहिनी म्हणाली, "असं अशुभ कायले बोलता, ताई?" दादानं मात्र पेपर बाजूला ठेवून खिशातला पेन काढला.

"कुठी करू सही?"

"आधी वाच तर."

"तुह्या कागदात वाचाचं काय? तू आणला म्हंजे बरोबरच असन." पेनाचं टोपण काढता काढता तो म्हणाला, "बाकी, फॉल-पिकोचं कसं चालू आहे?"

फॉल-पिको मी सोडून नऊ वर्षं झाली. मी काय करते हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं सही नाकारली असती तर मी भांडले असते, भांडणात तरी मी पटाईत आहे. पण तो बिचारा प्रेमानं सही करत होता आणि माझ्याविषयी त्याला एक अक्षर माहीत नव्हतं. त्याच्या हातून मी कागद काढून घेतला. फोटो आणायचा राहिला, असं काहीतरी बोलले, चहा संपवला आणि निघाले.

स्टँडवर अकोल्याची बस उभी होती. मी अंजनगावच्या जीपमध्ये बसले.

अंजनगाव सुर्जीला 'छत्तीस कटोरी अंजनगाव' राहते. कटिंग घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मला फोन केला होता, "ताई, तुमच्या छत्तीसच्या मुंढ्यात चूक आहे." मी म्हटलं, तू मला शिकवतेस? मग मोजून पाहिलं, तर खरंच बाहीच्या गोलाईत अर्धा इंच चुकला होता. इतक्या जणींनी ती फाइल घेतली होती, कोणी बोललं नव्हतं. तेव्हापासून नवी कटिंग मी आधी तिला पाठवते.

बाजारामागच्या गल्लीत तिचं घर सापडलं. समोरच्या खोलीत मशीन, वर बुद्धाची मूर्ती, कोपऱ्यात शिवायच्या ब्लाउजांच्या पिशव्या. चाळिशीची, बारीक, चष्मेवाली बाई. मला पाहून तिनं पायडल थांबवलं.

"अवं बापा! तुमी तर व्हिडिओत उंच दिसता."

मी कागद दिला. तिनं तो सावकाश, बोट ठेवून वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग विचारत गेली. कटिंगचं काय कराचं? विकाची का चालवाची? मापं कोनी बदलली तर? मी सांगत गेले. मी गेल्यावर काय करायचं हे मी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होते. शेवटी तिनं कागद मांडीवर ठेवला.

"सही करतो मी. पन एक सांगा ताई. तुमाले काई झालं त मले कोन सांगन?"

वकीलबाईंच्या कागदात तसा रकानाच नव्हता. सांगणारं कोणी नव्हतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

"मंग असं करू," ती म्हणाली. "रोज सकाळी नवाच्या आत मले 'आहे' एवढं लिहाचं. आन तुमच्या घराखालच्या दुकानाचा नंबर द्या." खाली औषधांचं दुकान आहे, त्याचा नंबर दिला. मग तिनं सही केली.

करार दिवाळीआधी झाला. पाकिटावर माझं नाव आहे.

आणि परवाची गोष्ट. ताप होता, औषध घेऊन पडले ते उठलेच नाही. दार धडाधडा वाजलं. उघडलं तर औषधवाला, हातात फोन. "कोणी बाई आहेत, दार तोडा म्हणतात."

मी फोन घेऊन ओरडले, "अवं, जित्ती आहो मी!"

"मंग तसं लिहाले काय होते?" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली आणि तिनं फोन ठेवला.

दार लावून मी खाटेवर बसले आणि रडले. घड्याळात साडेनऊ वाजले होते. आई गेल्यापासून रोज झोपताना वाटायचं, मी मेले तर किती दिवसांनी कळेल? आता मला माहीत आहे. अर्ध्या तासात.