टाकीवरचा पहारा

यंत्रांना इंटरनेट जोडून द्यायचं आणि त्यातून धंद्यात, कारभारात काय सुधारता येईल ते सांगायचं, हे माझं काम. पिपरी मेघेला घर बांधल्यावर मी जवळपासची कामं घेऊ लागलो. आंजीकडच्या एका गावात पाण्याच्या टाकीवर आणि गल्ल्यांच्या व्हॉल्व्हवर मीच सेन्सर बसवले. व्हॉल्व्ह उघडला की सरपंचताईंच्या आणि माझ्या मोबाइलवर निरोप येई.

थोड्याच दिवसांत भलत्या वेळी पाणी सुटताना दिसलं, तेही एखाद्याच गल्लीला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चोरी सापडली की यंत्राचं महत्त्व आपोआप पटतं.

पाणी सोडणाऱ्या माणसाला ग्रामपंचायतीत बोलावलं. त्याची नोकरी राहते की जाते, हे त्याच बैठकीत ठरणार होतं.

"मयत झालती ना, ताई," तो म्हणाला. "मसनातून आलेली मानसं आंघोळ न करता घरात शिरतीन का? म्या गल्लीपुरतं पानी सोडतो. माहा बापही सोडत होता."

"आन् मांगच्या सोमवारी कोन मेलतं बे?" एक सदस्य म्हणाला. "का तुह्या साळ्याच्या गल्लीत मानसं चोरून मरतेत?"

सगळे हसले. तो गोंधळला. "सोमवारी म्या व्हॉल्व्हले हातच नाई लावला."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या गल्लीतल्या सेन्सरची बॅटरी उतरलेली होती, आणि बॅटरी उतरली की सेन्सर कधीकधी खोटा निरोप पाठवतो, हे मला ठाऊक होतं. पण तळेगावकडचं असंच एक काम मिळायचं बोलणं चालू होतं, आणि यंत्र चुकतं असं कळलं तर ते हातचं गेलं असतं. शिवाय तो खोटं बोलत असावा, असंही मनात आलंच.

"यंत्र सहसा चुकत नाही," मी म्हणालो.

त्याची नोकरी गेली. त्याच्या हातातल्या पाणी सोडायच्या चावीच्या जागी माझे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आले. आता ते माझ्या मोबाइलवरून उघडतात. बॅटरीचं मी ताईंना सांगितलं नाही.

परवा दुपारी त्याचाच फोन आला.

"साहेब, आमच्या गल्लीत मयत आहे. मानसं मसनात गेली. येतीलच आता. पानी सोडा."

मी विचारलं, "कोण गेलं?"

विचारताना आवाजात दुःख नव्हतं. चौकशी होती. ती त्यालाही ऐकू गेली असणार.

"काऊन साहेब, मोजून पाह्यता का?" तो म्हणाला. "या ना मंग. अजून सरन पेटून राह्यलं. पाहून घ्या."

मी व्हॉल्व्ह उघडला. मोबाइलवर निरोप आला: अवेळी पाणी सुटले. तसाच निरोप ताईंनाही गेला असणार. लगेच त्यांचा फोन आला. बॅटरीपासून सुरुवात करायची, असं ठरवून मी तो उचलला.