नांगराची निशाणी

चार व्हॉलंटियर आणि एक चहाची किटली एकत्र आली की किस्से साठतातच. इथे परदेशात, पापाकुराजवळच्या एका जुन्या घरात मी दर रविवारी फुकट गाईडगिरी करतो, आणि तिथले किस्से पार्टीत रंगवून सांगतो. एक मात्र आजवर कुणाला सांगितला नाही, कारण त्यात माती मीच खाल्ली आहे.

घर एका लॉर्डसाहेबांचं. इंग्लंडच्या सरदार घराण्यातला धाकटा मुलगा. आधी दख्खनमध्ये कलेक्टर, मग इथे येऊन खासदार, पुढे मंत्री. रस्ता, इस्पितळ, वाचनालय, जे म्हणाल त्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते. आमची प्रमुख मार्गारेट ही रिटायर्ड शिक्षिका. ती त्यांच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोलते.

मी फार्मासिस्ट. ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेताना एकदा तिने विचारलं, "लॉर्डसाहेब तुमच्याच भागात होते. तुम्हाला तिथली माहिती असेल ना?"

मी कोथरूडचा. खेडं मी पाहिलं ते हायवेवरून. पण काउंटरमागे उभं राहिलं की नाही म्हणायची सवय मोडते. "हो, हीप्स," म्हणजे ढीगभर, असं म्हणालो आणि व्हॉलंटियर झालो.

*

माझ्यामागोमाग हेमंत आला. हाही पुण्याचा, आयटीतला. त्याला लॉर्डसाहेबांचं चरित्र पाठ करायचं होतं, पण त्याने वाचलं फक्त शेवटचं पान.

पहिल्याच टूरमध्ये एका बाईंनी विचारलं, "एवढं काम केलं, मग शेवटची निवडणूक हरले कशामुळे?"

हेमंत शांतपणे म्हणाला, "मतदारांमुळे."

मार्गारेट सोडून सगळे हसले. ती मला म्हणाली, "तू असं बोलला नसतास. तू सीरियस आहेस." ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

*

दिवाळीनंतर मराठी मंडळी घर बघायला आली. दारात पोचताच सगळ्यांनी सवयीने चपला, बूट, रबरी जँडल्स काढले. लॉर्डसाहेबांच्या पायरीवर देवळाबाहेर असतो तसा ढीग झाला. मार्गारेटचे डोळे भरून आले. "किती आदर!"

बागेचं काम बघणारा रंगी शेजारी उभा होता. माओरी, म्हणजे इथला मूळचा, साठीचा, कमी बोलणारा. मी गंमत म्हणून म्हटलं, "तुमच्याकडेही काढतात ना?"

"मराएवर, आमच्या सभाघरात, काढतो," तो म्हणाला. "ह्या घरात नाही." आणि गवताची टोपली उचलून निघून गेला. मी पुढे काही विचारलं नाही. टूर चालू होती.

*

मग माळ्यावर एक पेटी सापडली. आत लॉर्डसाहेबांच्या कलेक्टरीतला एक कागद, मोडीत लिहिलेला. मार्गारेटने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "तुझी भाषा."

मला मोडीचं एक अक्षर येत नाही. तेवढं सांगितलं असतं तर किस्सा तिथेच संपला असता. मी म्हणालो, "अक्षर जरा किचकट आहे, वेळ लागेल."

दोन आठवडे मी कागदाचा फोटो बघत बसलो. खाली ओळीने छोटे छोटे नांगर काढलेले होते. नांगर म्हणजे शेती, शेती म्हणजे भरभराट, असा मी अर्थ लावला. मार्गारेटला सांगितलं, "शेतीला पाणी दिल्याबद्दल गावकऱ्यांनी साहेबांचे आभार मानलेत."

कागद काचेच्या पेटीत गेला. वर भिंतीवर पाटी लागली: आभारपत्र. भाषांतरकार म्हणून माझं नाव.

पुढच्या टर्मला माझ्या मुलीची, सईची शाळा सहलीला आली. सई पाटीखाली उभी राहून मैत्रिणींना म्हणाली, "माय डॅड रेड दॅट वन." घरी मराठीत प्रश्न विचारला तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर त्या दिवशी गाडीत म्हणाली, "बाबा, मला पण शिकव." मी सिग्नल बघत राहिलो.

*

या मार्चमध्ये हेमंतची आई आली. काकू तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

त्या पेटीवर वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायला लागल्या. साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणात गावाची विहीर गेली. बायका नदीवरून पाणी आणतात. विहीर परत मिळावी, ही विनंती.

"आणि हे नांगर?" हेमंतने विचारलं.

"अरे, सह्या आहेत या. लिहिता येत नसे त्यांची निशाणी." मग त्यांनी पाटी वाचली, खालचं माझं नाव वाचलं, आणि हळूच विचारलं, "तू वाचलंस हे?"

मार्गारेट उत्सुकतेने आमच्या तोंडांकडे बघत होती. काकू मला म्हणाल्या, "हिला काय सांगू?"

त्या सांभाळून घ्यायला तयार होत्या. मला ते हवंही होतं. पण पाटीखाली सई उभी राहिली होती त्या जागेवर नजर गेली. मी मार्गारेटला सगळं सांगितलं, मला मोडी येत नाही इथपासून. ती आत गेली, स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझ्या हातात दिला. पाटीचे चार स्क्रू काढायला मला फार वेळ लागला.

"मागे काय आहे?" काकूंनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. कागद कुणी उलटलाच नव्हता.

"अर्ज आधी उलटायचा असतो," काकू म्हणाल्या. "साहेबाचा शेरा मागे असतो."

मार्गारेटने कुलूप काढलं, हातमोजे घातले, कागद उलटा केला. मागे वळणदार इंग्रजीत एकच ओळ होती. ती मला पहिल्या दिवशीही वाचता आली असती. 'उत्तर देण्याची आवश्यकता नाही.'

रंगी फुलदाणीतली फुलं बदलायला आत आला होता, पायात बूट तसेच. तोही वाकला. 

"हे अक्षर आमच्या घरी आहे, पणजोबांच्या अर्जाच्या मागे," तो म्हणाला.