तडजोडीचा कागद

मुलांनो, रोज सकाळी सातला आम्ही दोघं कुठे जातो, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. सांगते.

तुमच्या आजोबांची सगळी नोकरी भोरच्या कोर्टात कारकुनीत गेली. गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. सकाळी कपडे करून कामावर निघायचे. एकदा उत्रोलीच्या पुढे भातखाचराच्या बांधावर सापडले. पायात एकच चप्पल. त्या दिवशीच मी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला वाटलं, झाली व्यवस्था.

आठवड्याभराने दूधवाली हसतच आली. "आजी, तुमाला आत घालायचं चाललंय! आजोबांनी फाटकातनं ह्यो कागद दिला, पोलिसात द्या म्हनले. म्या म्हनलं, आधी तुमाला दावावा."

नीट समास सोडून अर्ज लिहिला होता. 'अर्जदारास त्याच्या पत्नीने राहत्या घरात कोंडून ठेवले आहे. कलम ३४२. अर्जदारास कामावर जाता येत नाही. पत्नी एरवी चांगली आहे.'

"काळजी नगा करू, जामीन म्या ऱ्हाते," म्हणून ती गेली.

मला मात्र हसू येईना. तुमची नावं ज्यांना आठवत नाहीत, त्यांना कलम आठवत होतं. आता नवा कायदा आलाय, आकडा बदललाय, पण गुन्हा तोच आहे. आणि तो मी केला होता.

मी कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसले. "अहो, खरंच तक्रार करायची आहे?"

कोर्टात आलेल्या परक्या पक्षकाराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे कलम तडजोडीचं आहे. ज्याला कोंडलं त्याची तयारी असेल, तर मिटतं."

"मग अट सांगा."

"सकाळी सातला बाहेर सोडायचं."

"एकट्याला नाही. मी बरोबर येणार."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मंजूर. घ्या लिहून."

मी दोन प्रती केल्या. दोघांनी सह्या केल्या.

तेव्हापासून आम्ही रोज कोर्टापर्यंत चालत जातो. इतक्या सकाळी तिथं कुणी नसतं. "आज सुट्टी दिसते," ते म्हणतात. मग एसटी स्टँडवर चहा पिऊन परत.

तडजोड त्यांच्या लक्षात राहत नाही. एखाद्या सकाळी कुलूप बघून चिडतात, फाटक हलवतात. मग मी कागद पुढे करते. ते शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात, "सही माझीच आहे," म्हणतात आणि मी दोन्ही चपला त्यांच्या पायात घालून कुलूप काढेपर्यंत शांत उभे राहतात.