तेरा तंदूर

१४ ऑक्टोबर १९४८ रोजी नझरुल्लोने पगाराचे ३८६ रुबल सही करून घेतले आणि त्याच दिवशी गार्म प्रांताच्या कचेरीत आपल्या गावाचा तक्ता भरून दिला. घरांच्या रकान्यात त्याने तेरा लिहिलं.

गावात छपरं होती एकोणतीस. पण डोंगरात घरं तंदुरावरून मोजतात. चार भाऊ चार छपरांखाली झोपले, तरी रोटी एका तंदुरात भाजली जाते तोवर ते एकच घर. सरकारला छपरांचा आकडा हवा होता, हे गावचा कारकून म्हणून नझरुल्लोला चांगलं ठाऊक होतं. पण सरकारला लोणी आणि लोकर दर घरामागे भरावी लागे. तेरा लिहिल्याने सोळा घरांचं लोणी वाचत होतं.

शेजारची म्हातारी बीबीसोरा खूश झाली. "शाळेत तुला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, नझरुल्लो. तेच आज कामाला आलं बघ!"

तीन वर्षं गावाने त्याला दुवा दिला. मग हुकूम आला: वीसपेक्षा कमी घरांची गावं उठवायची आणि खाली वख्श नदीच्या मैदानात कापूस पिकवायला न्यायची. वरच्या गावाने छपरं मोजली होती. ती चोवीस भरली, ते गाव राहिलं.

नझरुल्लो गार्मला चालत गेला. कचेरीतल्या साहेबासमोर टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, आमच्या तक्त्याबद्दल जरा..."

"चूक आहे का त्यात?" साहेबाने मान वर केली. "असेल तर तीन वर्षांचं लोणी कुठे गेलं, तेही लिहून द्यावं लागेल."

तुरुंगाचा रस्ता तिथून दिसत होता. नझरुल्लो म्हणाला, "नाही साहेब. गाड्या कधी येणार, तेवढंच विचारायचं होतं."

गाड्या पुलापाशी लागल्या. नझरुल्लोची बदली गार्मच्या कचेरीत झाली होती, त्यामुळे त्याचं नाव यादीत नव्हतं. गाडीत चढण्याआधी बीबीसोराने फडक्यात बांधलेलं मूठभर खमीर त्याच्या हातात ठेवलं.

"तुझी बायको नव्या घरी रोटी कशाने फुगवणार? हे ने, वाढव. पण परत आणून द्यायचं हं, खमीर फुकट देत नाहीत."

"आणतो, मावशी." त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

१९५५ मध्ये गार्म प्रांतच मोडला. दारावरची पाटी उतरली, साहेब कुठेतरी निघून गेला, आणि तेराचा तक्ता नझरुल्लोनेच इतर कागदांत गुंडाळून सुतळीने बांधला. आता भिण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. त्याच खमिरातून वाढवलेला गोळा फडक्यात बांधून तो दोन दिवस मालवाहू ट्रकने प्रवास करत वख्शला उतरला.

बीबीसोराची सून शरीफमो कालव्याकाठी भेटली. "सासूबाई पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेल्या, भाऊजी. दोन नातवंडंही गेली. शेवटपर्यंत म्हणत होत्या, नझरुल्लोने आमचं लोणी वाचवलं, त्याचं भलं होवो."

"वहिनी, तो आकडा..."

"कसला आकडा?"

"काही नाही."

तिने फडकं सोडलं. उन्हाने गोळा काळा पडून सडला होता. "अगंबाई, हे तर कोंबड्याही खायच्या नाहीत!" ती हसली आणि त्याला चहा द्यायला आत गेली.

नझरुल्लोने गोळा कालव्यात सोडला. चहा पिऊन, आकड्याचं न सांगताच तो परतला. पुन्हा खाली गेला नाही.

बीबीसोराचं मूठभर खमीर त्याच्याकडून अजून येणं आहे.