ताजमीला उठलेली माणसं

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवायला फार मोठं निमित्त लागतं असंही नाही. परवा आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर चार निवृत्त माणसं तावातावानं भांडत होती. विषय काय, तर फुटबॉलच्या सामन्याला लोकांना उभं राहू द्यावं की सक्तीनं बसवावं. एकानं मला विचारलं, "तुम्ही पोलिसात होता, तुमचं काय मत?" मी उत्तर न देता घरी निघून आलो. एके काळी या प्रश्नाचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. त्या पक्क्या उत्तरापायी एक माणूस मेला आणि दुसरा तुरुंगात जाता जाता राहिला. नावं मी कोणाचीच लिहीत नाही, गावाचंही नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्यानंतरची ही गोष्ट. मी कोकणातला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार म्हणून माझी बदली झाली. निजामाच्या अमलात फौजदाराला अमीन म्हणत, त्यामुळं गावात मी 'अमीनसाब' झालो. ठाण्यातली जुनी रजिस्टरं उर्दूत होती आणि मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. ती मला वाचून दाखवायचा आमचा जमादार. वीस वर्षं निजामाच्या पोलिसात काढलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याच्यावाचून माझं पान हलत नसे, आणि ही गोष्ट मला मनातून खटकतही असे. वय तसं होतं.

त्या गावाला फुटबॉलचं भलतंच वेड. गावच्या संघात निम्मे गडी तालमीतले होते. मैदानाच्या एका बाजूला मातीचा रुंद बांध होता, त्यावर दोन-तीनशे माणसं उभी राहून सामना बघत. मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला आणि माझं डोकं फिरलं. ढकलाढकल काय, आरडाओरडा काय, चेंडू इकडं गेला की सगळा बांध इकडं, तिकडं गेला की तिकडं! मी ठरवून टाकलं, की उभी गर्दी म्हणजे दंग्याला आमंत्रण.

त्या वर्षी लातूरकडचा संघ येणार होता आणि जिल्ह्याचे एक बडे अधिकारी बक्षीस द्यायला येणार होते. मी संयोजकांना लेखी कळवलं, की प्रेक्षकांची बसायची सोय असल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. गावच्या शाळेतले ड्रिल मास्तर मला समजावायला आले.

"अमीनसाब, ह्यो खेळ बसून बघायचा न्हाय हो. मानूस आपसूक उठतं."

"उठलं तर माझा शिपाई बसवील," मी म्हणालो. मास्तरांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

मग गावातल्या सुताराकडून बाभळीच्या खांबांवर सात पायऱ्यांची फळ्यांची गॅलरी उभी करवली. बांधासमोरचीच जागा तिनं घेतली. तालमीची पोरं कुरकुरली, पण माझ्यासमोर कोण बोलणार?

सामन्याच्या दिवशी गॅलरी भरली. पुढं काठी घेऊन जमादार उभा. कोणी उठला की तो नुसतं बघायचा, की माणूस खाली. मी मोठ्या खुशीत होतो. येडशी स्टेशनावर उतरून लॉरीनं आलेला लातूरकडचा संघ चांगला खेळत होता. मध्यांतराला थोडा वेळ होता तेवढ्यात त्या बड्या अधिकाऱ्यांची जीप आली. मी फाटकाशी सलाम ठोकायला गेलो. बँड सुरू झाला. आणि माझ्या पाठीमागं कडाड् असा आवाज आला.

वळून पाहिलं तर गॅलरी नव्हतीच. फळ्या आणि माणसं यांचा ढीग होता. एकवीस जण जखमी झाले. तेरहून गाद्या भरायच्या कामाला आलेला एक पिंजारी सगळ्यात खालच्या फळीवर बसला होता, तो जागीच गेला. त्याच्या कपाळाला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. पंचनामा मी तिथंच उभं राहून लिहिला.

दिवस मावळायच्या आत लोक सुताराच्या दारात जमले. दगडफेक होण्याआधी मी त्याला अटक केली, कलम ३०४-अ, निष्काळजीपणानं मृत्यू. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. कोठडीत तो भिंतीला टेकून बसला आणि एकच वाक्य धरून बसला.

"गॅलरी बसायसाठी केली व्हती, सायब. म्या बजावलं व्हतं, समद्यांनी एकदम उठायचं न्हाय."

"कोणाला बजावलंस?"

त्यानं दाराकडं पाहिलं. दारात जमादार उभा होता. सुतारानं मान खाली घातली. "आता काय सांगू सायब. जाऊ द्या." मीही पुढं विचारलं नाही.

त्याची बायको रोज भाकरी घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. काही मागायची नाही, रडायची नाही. तिला ओलांडून आत जाणं मला जड जाई.

तिसऱ्या दिवशी खबर आली. चहाच्या हॉटेलवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अमीनसाब, सुताराला कशाला धरून बसलाव? गॅलरीनं तालमीच्या पोरांची उभं ऱ्हायची जागा खाल्ली, म्हनून लई चिडली व्हती. खांबांच्या पाचरी ढिल्या केल्या आसतील त्यांनी." पंचनाम्यात दोन पाचरी मिळाल्या नव्हत्या. आणि मी घेतलेल्या तीन जबाबांत एकच वाक्य होतं, 'सगळे तालमीला उठले आणि गॅलरी कोसळली.' तालमीवाल्यांनी हाक दिली, लोक उठले, आधीच ढिली केलेली गॅलरी कोसळली. सगळं कसं जुळत होतं! जुळणाऱ्या गोष्टीवर पोलिसानं फार लवकर खूश होऊ नये, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तालमीची चार पोरं उचलून आणली. सकाळपासून दुपारपर्यंत विचारलं. एकच उत्तर, "आमी गॅलरीत नव्हतोच. मागं बांधावर उभं व्हतो." त्यातल्या एकाच्या मी थोबाडीत मारली. तो गाल चोळत म्हणाला, "मारा सायब. पर तुमीच सांगा, बांधावरच्या कोनाला खरचटलं का?" मला राग आला, कारण खरचटलं नव्हतं. माझा हुकूम मोडून, गॅलरीच्या आडून जे दीडशे लोक बांधावर उभे राहिले होते, ते सगळे धडधाकट घरी गेले होते. पोरांना बांधावर पाहणारी माणसं पण भरपूर निघाली. संध्याकाळी मी त्यांना सोडून दिलं. थोबाडीत मारली त्याची माफी मागितली नाही, ती मागायला हवी होती.

आता पुन्हा सगळं सुतारावर येऊन पडणार होतं. दोषारोपपत्र गेलं असतं तर तो सुटला नसता, कारण गाव त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला बसलंच होतं.

एक साक्षीदार राहिली होती. गॅलरीसमोर शेंगा विकणारी एक म्हातारी, तिच्या पायाला लागलं होतं म्हणून तिचा जबाब राहून गेला होता. ती आली, पाय पसरून बसली. मी प्रश्न विचारत गेलो आणि लिहीत गेलो. जबाब संपला की तो साक्षीदाराला वाचून दाखवायचा असतो. आधीच्या तिघांच्या वेळी घाईत मी ते केलं नव्हतं. त्या दिवशी घाई नव्हती, कारण दुसरं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी वाचू लागलो, "'... आणि सगळे लोक तालमीला उठले...'"

"थांबा थांबा," म्हातारी म्हणाली. "तालीम कुठून आनली मदीच?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता?"

"मी कशाला म्हनू? कान का काय तुमचे! ताजमीला म्हनलं म्या. ता-ज-मी-ला."

मी टाक खाली ठेवला. ताजीम हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात कुठंतरी वाचला असेल. जिवंत माणसाच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता. माझ्या कोकणी कानांनी त्याची सरळ तालीम करून टाकली होती, आणि त्या एका अक्षरापायी चार पोरं दिवसभर माझ्यासमोर उभी होती.

"ताजीम म्हणजे काय करतात?" मी विचारलं.

म्हातारीला हसू आलं. दुखरा पाय सांभाळत ती उठली, उजवा हात कपाळाला नेला आणि कमरेतून पुढं झुकली. "अशी. मोठा साब आला की समद्यांनी मिळून द्यायची. निजामाच्या टायमाला देत व्हतो. न्हाय दिली तर छडी बसायची."

मला एकदम सगळं दिसलं. गोल झाला की लोक उठतात, पण कोणी आधी, कोणी नंतर, आणि निम्मे तर उठतच नाहीत. इथं दोनशे माणसं एकाच क्षणी उठली आणि एकाच क्षणी पुढं झुकली. सगळा भार पुढच्या खांबांवर. खांब पुढच्या बाजूलाच मोडले होते, हे माझ्या पंचनाम्यात माझ्याच अक्षरात होतं. पाचरी पडल्या त्या याच धक्क्यानं.

"आणि उठायला सांगितलं कोणी?"

म्हातारीनं हळूच दाराकडं पाहिलं. दारात जमादार उभा होता. बाकीच्या साक्षीदारांनीही हे सांगितलं नव्हतं. एक तर ठाण्यात बसून पोलिसाचं नाव कोण घेणार? आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. साहेब आला, जमादारानं पुकारलं, लोक उठले. आयुष्यभर हेच होत आलं होतं. राज्य बदलल्याला किती वर्षं झाली, हे जिभेला आणि कमरेला कोणी कळवलं नव्हतं.

म्हातारी गेल्यावर जमादार स्वतःच आत आला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हुजूर, माझा जबाब लिहा. मोठ्या साहेबांची जीप दिसली आणि तोंडातून निघून गेलं. 'उठो, ताजीम!' वीस वर्षं हेच ओरडलो. ओरडलो आणि मग आठवलं, की आता हे बंद झालंय. तोवर लोक उठले होते."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"हिंमत झाली नाही. पण त्या सुताराची बायको पायरीवर बसते ना, तिच्या समोरून रोज जावं लागतं."

मी लिहू लागलो. सुतारानं कोणाला बजावलं होतं, हे विचारणं भाग होतं. जमादार सावकाश, नीट ऐकू येईल असं म्हणाला, "मला. मी साहेबांना सांगायला विसरलो."

मी तेही लिहिलं. नियमाप्रमाणं वाचून दाखवलं. "बरोबर आहे, हुजूर," तो म्हणाला.

त्या जबाबावर सुतार सुटला. त्याच्या विरुद्धचं प्रकरण बंद करावं असा अहवाल मी मॅजिस्ट्रेटकडं पाठवला आणि तो मान्य झाला. जप्त केलेली त्याची हत्यारं मी स्वतः त्याच्या हातात दिली. त्यानं पटाशीची धार अंगठ्यानं पाहिली आणि म्हणाला, "सुटलो सायब, खरं हाय. पर माज्या हातची खाट बी आता गावात कोन घेनार न्हाय." वर्षाच्या आत तो बायकोला घेऊन बार्शीला निघून गेला. पिंजाऱ्याच्या घरी मी एकदा तेरला जाऊन आलो. त्याच्या दोन मुली कापसाच्या ढिगावर खेळत होत्या. मी पाणी प्यायलो आणि परत आलो.

जमादाराची खातेनिहाय चौकशी झाली. जमादारकी गेली. पुढची सगळी नोकरी त्यानं शिपाई म्हणून केली, माझी बदली होईपर्यंत माझ्याच ठाण्यात, माझ्याच दारात.

या प्रकरणानं मला काही गोष्टी शिकवल्या. नंतर मी जिथं जिथं गेलो, तिथं सामन्याला लोकांना उभं राहू दिलं. पायाखाली जमीन पाहिजे आणि पळायला वाट पाहिजे, एवढंच मी बघायचो. उभा माणूस आपला तोल आपण सांभाळतो. त्याला बसवायचं असेल तर त्याचा भार कशावर पडणार, याची जबाबदारी बसवणाऱ्यानं घ्यायची असते. माणसं ओरडतात, ढकलतात, पण ती त्यांच्या मनानं उठतात. हुकमानं उठणारी आणि हुकमानं बसणारी गर्दी मला त्या दिवसापासून जास्त धोक्याची वाटते. आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय मी पुन्हा कधी कोणाला ठाण्यातून जाऊ दिलं नाही.

पण हे सगळं मी पुढं शिकाऊ फौजदारांना सांगायचो, तेवढंच आहे. जे सांगितलं नाही ते आता लिहितो, कारण तो जमादार या जगात नाही, आणि माझंही वय झालं. तो विसरला नव्हता. सामन्याच्या दिवशी सकाळी मी बंदोबस्ताच्या कागदांवर सह्या करत होतो. तो टेबलासमोर येऊन म्हणाला होता, "हुजूर, सुतार सांगून गेलाय, सगळे एकदम उठले तर फळ्या धरणार नाहीत."

मी मान वर केली नाही. म्हणालो, "मी असताना उठतंय कोण?"